जाऊबाईंचं तट्टू

तट्टाची उंची मोजायला मी शिवणाची टेप घेऊन गेले होते, एवढी शहाणी. काल बड्या फुहाऱ्याच्या चौकात वरातीच्या घोडीचा घामट वास आला आणि पनागर गावची तट्टांची शर्यत आठवली. ठरावीक उंचीपर्यंतचीच तट्टं धावणार होती, त्यात आमचंही होतं. थोरल्या जाऊबाईंचं तट्टू बाद करायचंच, या इरेला पेटून मी खुरापासून खांद्यापर्यंत टेप त्याच्या फुगीर अंगावरून फिरवली. माप अर्थातच वाढलं. मी पंचांकडे तक्रार केली. त्यांनी सरळ काठी उभी करून खांद्यावर आडवी पट्टी टेकवली. तट्टू नियमात बसलं, वर आमच्या तट्टाला हरवून जिंकलंही. ते मी अजून माफ केलेलं नाही. जाऊबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "काहून वं सुमन, पोलक्याचं माप घेऊन राहिली होती काय त्याचं? मग शिवूनच आण. बक्षीस घ्यायला त्याला घालून नेईन."