पपईच्या चिकाची बरणी

सर कोणतीही वस्तू हुंगल्याशिवाय जवळ करत नसत. दूध, तळ्याचं पाणी, फार काय, आमच्या उत्तरपत्रिकासुद्धा. "ही कंदिलाशी बसून लिहिलेली दिसते, रॉकेलचा वास येतोय," म्हणायचे. आम्ही फिदीफिदी हसायचो. त्याच नाकानं पुढे त्यांचा घात केला.

सर मूळचे साताऱ्याकडचे. ऐंशीनंतरच्या त्या वर्षांत ते जयपूरच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत. मी बदलीवर आलेल्या रेल्वेवाल्याची मुलगी, त्यांच्या हाताखाली संशोधन करत होते. सरांना वेड स्पंजाचं, म्हणजे पाण्यात दगडाला चिकटून राहणाऱ्या एका साध्या प्राण्याचं. बगरूच्या वाटेवरच्या एका तळ्यात दगडांवर तो हिरवट थरासारखा वाढे. सर तो मलमलीतून पिळत. पेशी सुट्या होऊन पाण्यात पडत आणि सरपटत जाऊन पुन्हा एकमेकींना चिकटत. दोन जातींच्या मिसळल्या, तरी आपापल्यांनाच. "सख्खं कोण नि चुलत कोण, बरोबर कळतं यांना!" सर कौतुकानं म्हणत.

ही ओळख असते पेशीच्या अंगावरच्या प्रथिनांत, आणि ती छाटणारी एन्झाइमं असतात. बाहेरून मागवलेलं एन्झाइम काही येईना. पपईच्या चिकातही तसलंच एन्झाइम असतं, म्हणून सरांनी बनी पार्कातल्या आपल्या घरामागच्या पपईकडे मोर्चा वळवला. हिरव्या फळांना चिरा पाडायच्या, चीक उन्हात वाळवायचा, कॉलेजात खलात कुटून बरणीत भरायचा. सरांच्या पत्नी, आमच्या काकू, वैतागत. "मटण मऊ करायला लावतात तो चीक. तो काय हुंगायचा?" पण सरांचं नाक ऐकेल तर ना!

चिमूटभर पूड पडली की पेशी सुट्या होत. मरत नसत, पण शेजारून जाताना एकमेकींना ओळखत नसत. मला ते बघवत नसे.

त्याच उन्हाळ्यात सरांना खोकला लागला, मागोमाग दम. छातीत शीळ वाजे. सगळ्यांनी जयपूरच्या आंधीला, त्या धुळीच्या वादळांना दोष दिला, सरांनीही. एकदा चहा देताना काकू म्हणाल्या, "आंधी काय रविवारची सुट्टी घेते? त्या दिवशी तुम्हाला कसं बरं वाटतं?"

सर हसता हसता थांबले. त्यांना कळलं होतं. मलाही. दम आंधीचा नव्हता, कॉलेजातल्या त्या बरणीतल्या पुडीचा होता.

"एकच बघायचं राहिलंय," ते हळूच म्हणाले. "एन्झाइम धुऊन टाकलं, तर पेशी पुन्हा जोडल्या जातात का? एवढं झालं की बरणी फेकून देतो."

सोमवारी त्यांनी पेशी धुऊन स्वच्छ पाण्यात सोडल्या. तुलनेसाठी दुसऱ्या थाळीत ताजी पूड टाकायची होती. त्यांनी बरणी उघडली आणि सवयीनं नाकाशी नेली. "सर!" मी ओरडले. थोड्याच वेळात त्यांचे ओठ निळे पडले. चपराशी रिक्षा घेऊन आला. रिक्षात सरांनी माझं मनगट धरलं. "थाळी... हलवू नकोस."

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात जाण्याआधी मी सूक्ष्मदर्शकात पाहिलं. धुतलेल्या पेशींचे छोटे छोटे गोळे झाले होते. सांगायला धावतच गेले. व्हरांड्यात काकू एकट्याच बसल्या होत्या. त्यांच्या हातात सरांचा चष्मा होता.

"चिकटल्या?" त्यांनी विचारलं.

"हो."

त्यांनी चष्म्याच्या काड्या मिटल्या. मग म्हणाल्या, "आता फेक ती बरणी."

मी ती फेकली. सर गेले, पण माझ्यातून मात्र अजून सुटलेले नाहीत. काल शेजारणीनं कच्च्या पपईची कोशिंबीर आणून दिली. मी वाटी घेतली, नकळत नाकाशी नेली, आणि माझ्या छातीत तीच शीळ वाजली.