मदीनाबीची किटली

मदीनाबी माझी शेजारीण. जवळा बाजारला आमच्या दोघींच्या घरात एकच भिंत, पन्नास वर्षं झाली. मी चौथी पास, ती तेवढीबी न्हाई. पण चहा ओतावा तर तिनंच.

तिचा मालक चाँद पाशा कल्हईवाला होता. त्याच्या आज्याला हिंगोलीच्या छावणीतल्या इंग्रज सायबानं जाताना एक किटली दिली. तांब्याची, वर चांदीचं पाणी चढवलेली. दांड्यात वर-खाली दोन पांढऱ्या हाडाच्या चकत्या, म्हणून चहा कितीबी कढत असला तरी दांडा थंडगार.

"मडमेचा हात नाजूक, भाजू नये म्हणून," मदीनाबी सांगायची. "आता माझाबी नाजूकच हाय."

राखेनं भांडी घासून तिचे हात खापरागत झालेले. तरी मी व्हय म्हणायची.

मेलेल्या लेकीची पोरगी अफशीन, तिला मदीनाबीनंच वाढवली. तिच्या लग्नात ही किटली द्यायची, हे घरात सगळ्यांना ठाऊक. महिन्यावर लग्न आलं तसा लेक साजीद म्हणाला, "अम्मा, नांदेडहून पॉलिश करून आणतो." तिनं आपल्या हातानं ओढणीत गुंडाळून दिली.

आठ दिवसांनी किटली आली, आरशागत चमकत. मी समोरच बसलेली. पहिला कप भरता भरता मदीनाबी थांबली आणि हात पदरात घेतला.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही न्हाई. मडमेचा हात भाजला."

मी वाकून बघितलं. चकत्यांच्या जागी नुसते पांढऱ्या रंगाचे पट्टे.

तेवढ्यात साजीद आत आला.

"बस. आज तू ओत," ती म्हणाली.

"मी? काहून?"

"मामा हायस. पोरीला एकदा तुझ्या हातचा चहा मिळू दे."

त्यानं दांडा धरला आणि तसाच सोडला. जल्मभर त्या किटलीतला चहा पिला, पण स्वतः कधी ओतला असता तर नक्कल तरी बराबर करून आणली असती.

"कोणाला दिली?"

"एक शौकीन होता, अम्मा. लई मागं लागला." मान खालीच.

तिनं पदरानं दांडा धरून चहा परत पातेल्यात ओतला आणि रिकामी किटली त्याच ओढणीत गुंडाळून त्याच्या मांडीवर ठेवली. "लग्नाला ये. चहा मात्र ओतू नको."

तो गेला. मग तिनं पातेलं सांडशीत धरून माझा कप भरला. पन्नास वर्षांत पहिल्यांदा तिच्या हातून चहा बशीत सांडला. मी बशी उचलून तशीच पिले.