आक्काने परत मागितलेल्या पट्ट्या

आक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी तंजावूरच्या जुन्या बसस्थानकावर तिचीच वाट पाहत होतो. आठच्या बसने आम्ही दोघे ओरत्तनाडूला जाणार होतो. जन्मभर गणित शिकवलेली माझी थोरली बहीण वेळ कधी चुकवत नसे, म्हणून साडेआठपर्यंत मी नुसता घड्याळाकडे पाहत राहिलो... मग तिच्या सुनेचा आवाज आला. आक्काचे हृदय थांबले होते.

आम्ही कशासाठी निघालो होतो, ते सांगायला हवे. इथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आम्हा मराठी लोकांत मधुमेह घरोघरी आहे, आणि वाया काही जात नाही. कुणी गेले की तेराव्यानंतर त्याचा चष्मा, काठी आणि साखर तपासण्याच्या उरलेल्या पट्ट्या गरजूंकडे पोचतात. पट्ट्या आक्काकडे येत. ती त्या बाटल्यांतून काढून चांदीच्या एका डबीत ठेवी; दमट हवा लागू नये म्हणून तळाशी तांदळाचे दाणे, आई मिठात घालायची तसे. मग त्यातल्याच इतरांना देई. बाटल्या कचऱ्यात जात, आणि त्यांच्यावर छापलेली मुदतीची तारीखही.

मी ग्रंथपाल होतो. तारीख नसलेली वस्तू मला अस्वस्थ करते. तसे म्हटले की ती हसायची. "तू तुझ्या पुस्तकांतली वाळवी बघ, रामू. पट्टी काय दही आहे, आंबायला?"

यंदा पोंगलनंतर तिच्या पायाची जखम काही केल्या भरेना. डबीतली पट्टी मात्र बहुतेक रोज दीडशेच्या आत दाखवी. शेवटी मी तिच्याच यंत्राला चालणारी नवी, सीलबंद बाटली घेऊन गेलो. एकाच बोटाचे रक्त, डबीतल्या तीन पट्ट्या: एकशे अठ्ठेचाळीस, ब्याण्णव, दोनशे तीन. नव्या बाटलीतली पट्टी: दोनशे चौसष्ट.

"सरासरी काढायची का, आक्का?" मी विचारले.

ती चिडली नाही. तमिळ अक्षरांत मराठी लिहिलेली तिची वही उघडून रोजचे आकडे बघत बसली. मग म्हणाली, "वर्गातल्या पोरीनं असला पेपर दिला असता तर मी शून्य दिलं असतं..."

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेतला आकडा नव्या पट्टीच्या जवळपास आला. डॉक्टरांनी औषध बदलले. आक्का दवाखान्यातून बाहेर पडली ती ठरवूनच. "मी चार घरी दिल्यात. अस्क्या, सगळ्याच्या सगळ्या, परत आणायच्या."

पायाला बँडेज बांधून, रिक्षाने, ती तीन घरी गेली. एका ठिकाणी कुणी टोमणा मारला, "दिलेलं दान परत मागतात का, आक्का?" ती म्हणाली, "दान नव्हे. चुकलेलं उत्तर परत घेते आहे." राहिले होते फक्त ओरत्तनाडूच्या शकूवैनींचे घर.

तिच्या जाण्यात साखरेचा हात किती, हे डॉक्टरांना सांगता येत नाही. मीही अंदाज बांधणार नाही. आमच्या घरात अंदाज पुरेसे झाले.

तेरावा झाला आणि मी तीच आठची बस धरली. शकूवैनी, आमच्या चुलतभावाच्या पत्नी, ओट्यावर बसल्या होत्या. कापी पिऊन झाली, रडणे झाले. मग मी पट्ट्या मागितल्या.

"तिच्या हातच्या आहेत हो, रामूभावजी. आठवण म्हणून राहू द्या."

"आठवण ठेवा, वैनी. पट्ट्या द्या."

"मला रोज एकशे वीस येतं. चांगलं चाललंय, ते कशाला बिघडवता?"

मी पिशवीतून नवी बाटली काढली. त्यांनी तोंड फिरवले, पण बोट पुढे केले. दोनशे एकेचाळीस. त्या आत गेल्या आणि देवामागे ठेवलेली पुडी आणून माझ्या हातात दिली.

"दवाखान्याकडे बस किती वाजता आहे?" त्यांनी विचारले. मीही त्यांच्याबरोबर गेलो.

डबी आता माझ्याकडे आहे. आत तांदळाचे दाणे तेवढे उरलेत. आक्काची सून म्हणते, कुंकवाला छान होईल... होईल, पण इतक्यात नको. डबीच्या शेजारी आक्काने शेवटी वापरलेली बाटली ठेवली आहे. तिच्यावर कागद चिकटवून, फळ्यावर लिहायची तशा ठसठशीत अक्षरांत तिने उघडल्याची तारीख लिहिली आहे, त्याखाली मुदत संपण्याची, आणि त्याखाली एकच ओळ: "यानंतर विश्वास ठेवू नये."

मधुमेह मलाही आहे. रोज सकाळी बोट टोचण्याआधी मी ती ओळ मोठ्याने वाचतो आणि माझ्या बाटलीवरची तारीख बघतो.