दणका कुणाचा

आमच्या गावातून बुराई नदीत उतरायची जी वाट आहे, तिच्या ऐन उतारावर एक काळी शिळा आडवी बसली होती. कितीही जपून हाका, गाडीचं एक चाक तिच्यावरून धाडकन खाली यायचंच. गावातल्या माणसांनी कितीदा तरी पहारी-सबली आणल्या, पण झुंबरफुईने ती शिळा कुणाला काढू दिली नाही. वाट तिच्या शेताला लागून होती, त्यामुळे तिथे तिचाच शब्द चालायचा. "राहू द्या तिले. तुमनं काय खाई राहिनी ती?" असं म्हणून ती सबलीवाल्यांना चहा पाजून परत पाठवायची.

झुंबरफुई म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. आमच्याकडे आत्याला फुई म्हणतात. तिला गावातल्या गावातच दिली होती. यजमान वनाआबा ऐन उमेदीत गेले, तेव्हा दिरांनी जमीन बटाईने लावायचं ठरवलं. फुईने काही वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कासोटा घट्ट करून तिने बैल जुंपले आणि शेतावर निघून गेली. तेव्हा हातात घेतलेला कासरा तिने म्हातारपणापर्यंत सोडला नाही. आवाज असा खणखणीत, की कानबाईच्या गाण्यांना फुई बसली म्हणजे भोंगा लावायची गरज पडत नसे.

फुईचा शब्द आणखी एका ठिकाणी चालायचा, तो म्हणजे घराण्यातल्या मुलींच्या लग्नात. मुलगा पसंत पडला, देणंघेणं ठरलं, तरी सुपारी फुटायच्या आधी त्या मुलाने फुईला दमणीत बसवून नदीपर्यंत न्यायचं आणि परत आणायचं. दमणी म्हणजे माणसांना बसायची हलकी बैलगाडी. परत आल्यावर फुई ओट्यावर बसणार, पाणी पिणार आणि म्हणणार, "द्या पोर," नाहीतर म्हणणार, "नको." कारण कधी सांगायची नाही.

साहजिकच सगळ्यांचा समज असा, की फुई दणका मोजते. मुलाकडची माणसं आदल्या दिवशी येऊन शिळा बघून जायची, मुलाला शिकवून ठेवायची. पण हिशेब काही जुळायचा नाही. माझ्या चुलतबहिणीला धुळ्याकडचा एक मुलगा आला होता. त्याने शिळेवरून गाडी अशी उतरवली, की चाक खाली आल्याचं जेमतेम कळलं. फुई म्हणाली, "नको." नंतर आला मगन. त्याच्या हातून असा दणका बसला, की फुईची पानाची चंची उडून वाळूत पडली आणि तिच्या पाठोपाठ फुईही पडली. आम्ही मनात म्हटलं, गेलं हे स्थळ. कपाळाची वाळू पुसत फुई ओट्यावर आली आणि म्हणाली, "द्या पोर." आज मगनभाऊजींचा संसार किती छान चाललाय, ते सगळ्या गावाला माहीत आहे.

माझी वेळ आली एकोणनव्वद साली. जामनेरचे तोतारामभाऊ, त्यांचा मुलगा अभिमन. तोतारामभाऊंचं तिथल्या बाजारात बी-बियाण्याचं दुकान, आणि मुलगा मात्र पायलट. मोठ्या प्रवासी विमानात कॅप्टनच्या शेजारी बसून चालवणारा दुसरा पायलट. तो मला बघायला आला तेव्हा पोह्यांतली मिरची त्याच्या दाताखाली आली. डोळ्यांत पाणी आलं, पण मिरची गिळून म्हणाला, "छान झालेत." तेव्हाच मी ठरवून टाकलं, करीन तर हाच. पण आमच्यात मुलीने तसं बोलून दाखवायची रीत नव्हती. मी एकवीरामातेला तेवढं सांगून ठेवलं.

"दमणीचं काय?" फुईने विचारलं.

नाना म्हणजे माझे वडील, चुडामण पाटील. ते म्हणाले, "अक्का, त्याले बैल कुठून हाकता येतीन? दुकानवालास्ना पोऱ्या शे तो."

"मंग तो काय हाकस?"

"इमान."

"ते बी गाडीच शे ना? मंग बठी देखसू."

नाना हसले. फुई हसली नाही. महिनाभर सुपारी अडून राहिली. शेवटी नानांनी ओशाळून जामनेरला निरोप धाडला. वाटलं, आता तिकडची माणसं रागावतील. पण अभिमनचाच उलट निरोप आला, की अक्कांना अवश्य आणा, श्रावणात अमुक दिवशी औरंगाबादहून मुंबईला जाणाऱ्या विमानावर मी आहे. आणि फुईने हुकूम सोडला, "पोरले बी लई चाला. संसार तिले कराना शे."

कन्नडचा घाट उतरून... नव्हे, चढून आम्ही एस.टी.ने औरंगाबादला पोहोचलो. फुईच्या पिशवीत दशम्या, लसणाची चटणी, हळदकुंकवाचा करंडा आणि एक नारळ. नारळ विमानापुढे फोडायचा होता. तिथल्या माणसाने हात जोडून सांगितलं, "आजी, इथे नारळ फोडता येत नाही." मग फुईने विमानाच्या शिडीलाच हळदकुंकू लावलं. "बैलले लावतस, मंग याले काब्र नही?" मागे उभ्या असलेल्या एका बाईंनीही हळूच शिडीला हात लावून नमस्कार केला.

आत बसल्यावर फुईची पहिली चौकशी, "गाडीवान कथा शे?"

मी पुढचं बंद दार दाखवलं. फुईचा चेहरा पडला. "दार बंद करी बठस? मंग मी काय देखू?"

माझ्या मात्र जिवात जीव आला. म्हटलं, दिसलंच नाही तर नावं काय ठेवणार? आता फक्त विमान अलगद उतरू दे.

वाटेत काही झालं नाही. फुईने खिडकीतून ढग बघितले, पिंजलेल्या कापसासारखे आहेत म्हणाली आणि नानांना दशमी दिली. आमच्या पलीकडे जळगावचे एक सफारीवाले गृहस्थ होते. ते आपला विमानाचा अनुभव सांगत होते. फुई त्यांना म्हणाली, "बठ्ठं ठीक शे भाऊ, दशमी खातस का?" त्यांनी खाल्ली.

मुंबई जवळ आली तसं बाहेर सगळं पांढरं झालं. पाऊस काचेवर आडवा धावत होता. विमान डुगडुगायला लागलं. मी डोळे मिटून एकवीरामातेचा धावा सुरू केला. आणि एकदम धाड! चाकं टेकली म्हणावं, तर विमान जरासं उचललं आणि पुन्हा धाड! नानांची टोपी पुढच्या सीटखाली गेली. वरचा कप्पा उघडला आणि एक बॅग थेट सफारीवाल्यांच्या मांडीवर आली. मग जोराचा घरघराट झाला आणि विमान धावत धावत हळू झालं.

मग एकच गलका.

"ही काय उतरवायची पद्धत झाली?" सफारीवाले ओरडले. "अहो, आमच्याकडे केळीचे घडसुद्धा ट्रकमधून यापेक्षा हळू उतरवतात!"

कुणी म्हणालं, पायलट नवशिका असणार. कुणी म्हणालं, झोपला असणार. एक जण म्हणाला, पावसात असंच होतं. त्याच्यावरच बाकीचे चिडले. नाना टोपी झटकत माझ्याकडे न बघता म्हणाले, "गया संबंध."

मला रडू यायला लागलं होतं. फुई मात्र मान वळवून सगळ्यांकडे बघत होती. "कोनले लागनं का?" तिने दोन रांगांना विचारलं. कुणाला लागलं नव्हतं.

उतरायच्या दाराशी कॅप्टनसाहेब येऊन उभे होते. पिकलेल्या मिशांचे, भारदस्त. त्यांच्या मागे अभिमन. शर्ट घामाने अंगाला चिकटलेला. त्याने आम्हाला पाहिलं. आज कशाची परीक्षा आहे, ते त्याला पक्कं ठाऊक होतं.

सफारीवाले मांडी चोळत पुढे झाले. "विमान कुणी उतरवलं? मला त्याचं नाव हवंय."

"मी कॅप्टन आहे," साहेब शांतपणे म्हणाले. "विमान माझं, दणकाही माझा. जे बोलायचं ते मला बोला."

सुटला, असं माझ्या मनात आलं. आता याने फक्त गप्प उभं राहायचं होतं. नानांचाही चेहरा जरा उजळला. पण अभिमन साहेबांच्या बाजूने पुढे आला.

"उतरवलं मी," तो म्हणाला. "पावसात पट्टी ओली असते. अलगद टेकवलं तर चाकं पाण्यावर घसरतात, म्हणून जरा दाबूनच टेकवायचं असतं. पहिला दणका त्यातला. पण तो हवा होता त्यापेक्षा जोरात बसला आणि विमान उचललं. दुसरा दणका बसायलाच नको होता. तो माझ्या हातून झाला. तुम्हाला लागलंय का?"

"लागलं नाही, पण बॅग पडली ना मांडीवर!"

"हात त्याचे होते," कॅप्टनसाहेब म्हणाले, "पण आज त्याच्या हातात दिलं मी. तेव्हा निम्मा माझा."

"नाही सर, तुम्ही सांगितलं होतं तसंच—"

सफारीवाल्यांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "तुम्ही आधी आपसात वाटणी करा बुवा. मग मी भांडतो!" मागची माणसं हसली. तेही हसले आणि छत्री उघडून शिडी उतरले.

सगळे गेल्यावर आम्ही तिघं उरलो. अभिमन फुईच्या पाया पडला. फुईने आशीर्वाद दिला नाही. तिने विचारलं, "पोऱ्या, दणका बसना तवय पहिले काय करं तू?"

"आधी विमान सरळ धरलं, अक्का."

"मंग?"

"थांबल्यावर मागे विचारलं, कुणाला लागलंय का."

शेजारी उभी असलेली हवाई सुंदरी न विचारताच म्हणाली, "दोनदा विचारलं आजी. मी नाही म्हटलं तरी पुन्हा विचारलं."

"आनि इमानले?"

हा प्रश्न मला कळला नाही, पण त्याला बरोबर कळला. "तेच बघायला चाललोय. इंजिनिअरला बोलावलंय. चाकं तपासल्याशिवाय हे आता पुढे जाणार नाही."

"मंग जाय. पहिले चाकं देख. आम्ही उभा शेतस."

खाली प्रवाशांची बस आमच्यासाठी खोळंबली होती. तिथला माणूस घाई करत होता. फुईने त्याला हाताने थांबवलं. ती पदर डोक्यावर ओढून शिडीच्या पायरीवर उभी राहिली आणि बघत राहिली. अभिमन पावसात वाकून, बॅटरी घेऊन एकेक चाक बघत होता. इंजिनिअर काही विचारत होता, तो हाताने दाखवून सांगत होता, विमान कसं उचललं आणि कसं पडलं. अंग काही चोरलं नाही. फुई त्याच्याकडे अशी बघत होती, जशी ती नांगरट झाल्यावर बैलांच्या खांद्यांकडे बघायची.

नानांना राहवेना. "अक्का, काय ते सांगी टाक. पोर रडी राहिनी. इतला मोठा दणका—"

"दणका देखाले मी गाडीवर बठस का रे चुडामण?" फुई म्हणाली. "दणका कोना बी हाततून बसस. मन्हा हाततून कितला बसनात! तो धुळाना पोऱ्या याद शे का? गाडी लोण्यासारखी उतारी त्यानी. आनि शिळावर चाक जरासं आदळनं, ते बैलले पराणी टोची. म्हने, याले अक्कलच नही. आनि आपला मगन? त्यानी उडी मारी, पहिले माले उचलं, मंग बैलनी मान देखी. म्हने, फुई, चुकी मन्ही. तठेच मी पोर दिनी. शिळा काढी टाकतू ते माले मानसं कशी समजतीत?"

इतकी वर्षं सगळं घराणं दणके मोजत बसलं होतं.

अभिमन चिंब भिजून परत आला. "चाकं ठीक आहेत, अक्का." मग म्हणाला, "तुमचं काय असेल ते मला सांगा. मी राग मानणार नाही."

फुईने पिशवीत हात घातला आणि विमानापुढे न फुटलेला तो नारळ काढला. त्याला कुंकू लावलं, अभिमनच्या ओल्या हातात दिला आणि म्हणाली, "तोतारामभाऊले सांग, पोर दिनी." कॅप्टनसाहेबांना तेवढं अहिराणी कळलं नसावं, पण त्यांनी टाळ्या वाजवल्या. हवाई सुंदरीने सगळ्यांच्या हातावर चॉकलेटच्या गोळ्या ठेवल्या. सुपारी आमची नंतर रीतसर गावीच फुटली, पण मी लग्न ठरलं ते त्या शिडीवर, असंच मानते.

माघात लग्न झालं. जामनेरला निघायच्या आधी नदीकाठच्या देवीच्या पाया पडायला आम्हा दोघांना दमणीत बसवलं, आणि फुईने कासरा अभिमनच्या हातात देऊन स्वतः मागच्या गाडीत बैठक मारली. त्याने जन्मात पहिल्यांदा बैल हाकले. शिळा आली. असा दणका बसला, की माझ्या मुंडावळ्या नाकावर आल्या आणि बांगड्या वाढल्या. त्याने बैल थांबवले, मागे वळला, पांढराफटक चेहरा. "लागलं का गं?"

मी नाही म्हणायच्या आत मागच्या गाडीतून फुईचा खणखणीत आवाज आला, "तिले काय व्हस! बैलनी मान देख रे जवाई!"

तो खाली उतरला आणि मुकाट्याने बैलाची मान बघायला लागला.