खारं पाणी, गोडं पाणी

भिजलेल्या खोक्यावर बोट दाबायचं आणि ते सरळ जिभेला लावायचं, ही वैतीबाईंची पद्धत. नुकसान तपासणारे बाकीचे सर्वेअर नाकाला रुमाल लावून फोटो काढतात. ही बाई आधी चव घ्यायची, मग पर्समधली बाटली काढून त्या पाण्यात औषधाचे थेंब सोडायची. पाणी समुद्राचं असलं तर ते दुधासारखं पांढरं होतं.

"औषध आहे तर चाखता कशाला?" मी विचारलं होतं.

"औषध कोर्टासाठी. चव माझ्यासाठी."

आमची पहिली भेट कॉटन ग्रीनच्या गोदामासमोर झाली, तीही भांडणातच. हिंदमाताच्या कापडबाजारात फुटपाथवर साडीचे फॉल विकत मी दुकानापर्यंत पोचलो होतो. चीनहून थेट लेस मागवायची ती पहिलीच वेळ. दुकान तारण ठेवून माल उचलला होता. कंटेनर उघडला, तर वरच्या थरातल्या खोक्यांचा लगदा झालेला आणि लेसमधली जरी काळी पडलेली. विमा होता, पण तो मी घासाघीस करून स्वस्तातला घेतलेला. समुद्राचं पाणी शिरलं तर भरपाई, पावसाचं शिरलं तर काही नाही. म्हणजे माझं दुकान राहणार की जाणार, हे त्या पाण्याच्या चवीवर ठरणार होतं.

वैतीबाईंना विमा कंपनीने पाठवलं होतं. पन्नाशी ओलांडलेल्या, कोळीवाड्यात वाढलेल्या, केमिस्ट्री शिकलेल्या. पंजाबी ड्रेसखाली जाडजूड बूट. जहाज कंपनीचाही एक टायवाला हजर होता. बाईंनी चव घेतली, थेंब टाकले. पाणी जसंच्या तसं राहिलं.

"गोडं आहे, शेट."

"समुद्रातून आलंय आणि गोडं?" मी ओरडलो. "खारं आहे! मी पण चाखलंय!"

"तुम्ही सकाळपासून स्वतःचा घाम चाटताय."

टायवाला हसला. मी त्याच्या अंगावर जाणार, एवढ्यात बाई म्हणाल्या, "आत या माझ्याबरोबर." आम्ही रिकाम्या कंटेनरमध्ये शिरलो आणि त्यांनी हमालांना दारं लावून घ्यायला सांगितलं. आत मिट्ट काळोख, भट्टीसारखी धग. "आता वर बघा आणि बोलू नका. जमणार नाही तुम्हाला, पण प्रयत्न करा."

हळूहळू छताच्या कोपऱ्यात उजेडाचा एक ठिपका दिसू लागला. मोहरीएवढा. राग विसरून मी बघत राहिलो.

"वाटेतल्या कुठल्यातरी बंदरात हा डबा पावसात उभा होता," बाई म्हणाल्या.

"एवढ्याशा भोकातून एवढं पाणी?"

"आमच्याकडे एवढ्यात होड्या बुडतात, शेट."

बाहेर आल्यावर त्या शिडी लावून वर चढल्या, गंजाने खाल्लेल्या कडेवरून बोट फिरवलं, फोटो काढले. खाली उतरताच मी त्यांना बाजूला घेतलं.

"बाई, थोडं खारं लिहा की. तुमचं काय जातंय?"

"पाण्याचा भाव होत नाही."

"सगळ्याचा होतो."

"मग हिंदमाताला करा. आणि विम्याचं विसरा. हा सडका डबा तुम्हाला कुणी दिला? जहाज कंपनीने. त्यांना आजच लेखी कळवा."

विमा कंपनीने क्लेम नाकारला. अख्ख्या मार्केटमध्ये मी बाईंच्या नावाने बोटं मोडली. तरी त्यांचं ऐकून वकील केला आणि जहाज कंपनीच्या मागे लागलो. फोर्टमधल्या ऑफिसात बैठक झाली. त्यांचा वकील शांतपणे म्हणाला, "वाटेत वादळ होतं. लाटांचं पाणी शिरलं. वादळाला कंपनी जबाबदार नाही. आणि पाणी खारं आहे असं तुमचे शेट स्वतःच ओरडून सांगत होते. आमच्या माणसाने ऐकलंय."

माझ्या वकिलाने माझ्याकडे पाहिलं. विम्यासाठी मला जे पाणी खारं हवं होतं, तेच आता गोडं हवं होतं.

रिपोर्टबद्दल विचारायला वैतीबाईंना बोलावलं होतं. त्या म्हणाल्या, "शेटच्या जिभेचा रिपोर्ट मी लिहिलेला नाही. पाण्याचा लिहिलाय." मग भोकाचा फोटो पुढे सरकवला. "वादळ एका रात्रीचं असतं. एवढा गंज चढायला वर्षं लागतात."

वकिलाने तोच प्रश्न फिरवून फिरवून विचारला. उत्तर हललं नाही. अखेर कंपनी अर्धी भरपाई द्यायला तयार झाली. दुकान वाचलं.

जिना उतरताना मी म्हणालोच, "तेव्हा खारं लिहिलं असतंत तर सगळं मिळालं असतं. अर्धं तुम्ही बुडवलंत."

"मग धरा राग. पण पुढच्या वेळी माल भरण्याआधी कुणाला तरी डब्यात कोंडून वर बघायला सांगा."

पुढे दर दिवाळीला बाई दुकानात यायच्या. मी अर्ध्या भरपाईचा विषय काढायचो. त्या लेस उचलून म्हणायच्या, "ही अर्ध्यात द्या. अर्ध्यावर भागवायची सवय आहे तुम्हाला." आणि तासभर घासाघीस करून खरोखरच अर्ध्यात न्यायच्या.

गेल्या वर्षी वैतीबाई गेल्या. अर्धी भरपाई त्यांच्यामुळे बुडाली, असं मी आजही दुकानात सांगतो. ऐकणारे माना डोलावतात, कुणी उलट बोलत नाही. आणि कुणी उलट बोललं नाही की माझं मलाच ते खोटं वाटायला लागतं.