वडापाच्या शीटवरची शर्यत

रस्त्याच्या कडंला कुणी हात वर केला की आमच्या मालकाचा पाय आपोआप ब्रेकवर जायाचा. वडगाव रासाई ते शिरूर, गिऱ्हाईकं भरायची वडापाची जीप. लोकं म्हणायची, कोंडिबाची गाडी कवाच भरत न्हाई, कुणीबी हात केला तरी आत घेतोच. आन् मी? मी कायम मागं. "बायकू पुढं बसली तर गिऱ्हाईक कुठं बसवू?" हे यांचं ठरलेलं. सारी जिंदगी त्या गाडीत मी लोकांची ढोपरं खाल्ली, पर पुढच्या काचंतनं रस्ता काय दिसला न्हाई.

मग यांच्या डाव्या डोळ्याची नजर गेली. कुणी सांगायच्या आधीच यांनी चावी खिळ्याला अडकवली. "लोकांची लेकरं घिऊन एका डोळ्यानं चालवू व्हय?" म्हणाले. बरोबरच हुतं, पर माणूस सुकला. सकाळी चहा घ्यायचा आन् उभ्या जीपमधी जाऊन बसायचं. मी म्हणायची, "आवं, उतरा की आता, शिरूर आलं!" तर हसायचे बी न्हाईत. एकदा आपणहून बोलले, "सोजर, गाडी निघताना पाठीला शीट लागती न्हवं, तेवढं एकदा पायजे बघ." मला लई वाईट वाटलं.

आमची लेक प्राची पुण्यात गेमच्या कंपनीत हाय. ती सुट्टीला आली ती एक स्टेअरिंग, पायडल आन् डोळ्यावर बांधायचा डबा घिऊनच. टेबलाला स्टेअरिंग लावलं, तिच्या आबांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं. डब्यात शर्यतीच्या गाड्या. यांनी पायडल दाबला आन् वरडले, "आयला, पळतीया की!" पर जरा वेळानं डबा काढला तर तोंड पांढरंफटक.

"डोळं पळत्यात आन् ढुंगण जागंवरच! गरगरतंय मला."

"मग ढकलू की!" मी म्हणलं. बंद पडलेली जीप काय कमी ढकलली का मी? खुर्चीला मागनं असा रेटा दिला की टेबल, स्टेअरिंग आन् मालक, समदं भिंतीला!

प्राची पोट धरून हसली. "आई, घर संपलं की धक्का संपला. ढकलायचं नाही, कलवायचं. माणूस मागं कलला की अंगाचं वजन पाठीवर येतं. डब्यात तर रस्ता सपाटच दिसतो. मग अंगाला वाटतं, गाडीनंच वेग घेतला."

मला काय पटलं न्हाई. पर हे उठले, पान्हा घेतला आन् जीपकडं गेले. ज्या जीपला कुणाला हात लावू दिला न्हाई, तिची ड्रायव्हरची शीट सोडवून आणली. ती फळीवर बसवली, फळीखाली पायपाचा तुकडा घातला आन् उलटू नये म्हणून पुढं-मागं विटा लावल्या. मी शीटची पाठ धरून मागं उभी. प्राचीनं लॅपटॉपवर बघून "दाबला!" म्हणलं की मी शीट मागं वढायची, "ब्रेक!" म्हणलं की पुढं लोटायची.

पहिल्यांदा मी जोरात वढली. "आगं, उलथवतीस का काय मला?" हे वरडले.

"हळू, आई," प्राची म्हणाली. "कलवलेलं त्यांना कळलंच नाही पाहिजे."

दुसऱ्यांदा तान्ह्याच्या पाळण्याची दोरी वढावी तशी वढली. हे तसंच स्टेअरिंग धरून बसलेले. मला वाटलं, बोंबललं समदं. मग त्या डब्याखाली यांची मिशी हलली.

"लागली! सोजर, पाठीला शीट लागली बघ!"

मला रडूच कोसळलं. दोन्ही हात गुतलेले, डोळं पुसू कशानं?

तेवढ्यात प्राची वरडली, "ब्रेक! आबा, मधेच का थांबलात?"

"कडंला लोकांनी हात केलाय की."

"आवो, ती शर्यत बघायला आलेली माणसं! चित्रातली!"

"चित्रातली का असंनात, हात वर हाय का न्हाई?"

समद्या गाड्या भुर्रकन पुढं गेल्या. आमचा शेवटचा नंबर.

पुढच्या फेरीला प्राचीनं बापाला दमच दिला. हे कुठं म्हणून थांबले न्हाईत. तिसरा नंबर आला, पोरगी नाचाय लागली. यांनी डबा वर केला, तर तोंड उभ्या जीपमधी असायचं तसंच.

"पळाली झ्याक," म्हणाले. "पर रिकामी पळाली."

माझं डोस्कंच फिरलं. एवढा खटाटोप केला आन् ह्यांचं आपलं रिकामी! प्राचीला म्हणलं, धर गं शीट. स्टूल वढलं, सवयीनं मागंच ठेवलं, त्याच्यावर मी बसली आन् घसा फोडून वरडली, "चला, शिरूर एक!"

हे हसले. किती महिन्यांनी हसले! डबा डोळ्यावर वढला आन् डाव्या हातानं शेजारची मोकळी जागा थापटली.

"मागं कशापायी? पुढं ये. आज पुढची जागा मोकळी हाय."

मी स्टूल पुढं घेतलं. माझ्या म्होरं नुसती भिंत आन् कॅलेंडर. यांनी पायडल दाबला, प्राचीनं शीट हळूच कलवली आन् मी यांचा दंड घट धरला. जरा वेळानं हे म्हणाले, "सोजर, कडंला लोकांनी हात केलाय. थांबू का?"

"न्हाई," मी म्हणलं. "आज कुणाला घ्यायचं न्हाई."