मूठभर शेव आणि आमची गार्गी: इंदूर ते महेश्वर

सात महिन्यांच्या बाळाला घेऊन इंदूरहून महेश्वरला जाता येतं का, असं दोन-तीन मित्रांनी विचारलंय. येतं. रस्ता उत्तम आहे, टोलची सोय फास्टॅगने होते, वाटेत दूध गरम करून मिळतं. फक्त बाळ गाडीत आहे की नाही, तेवढं बघून निघायचं.

हसू नका. मला अजून नीट हसता येत नाही.

गार्गीचं जावळ नर्मदेच्या घाटावर काढायचं, हे आईने ती जन्मायच्या आधीच ठरवलं होतं. आधीचं आमचं एक बाळ पोटातच गेलं. तेव्हा आईने आणखी एक नवस बोलून ठेवला: मूल जन्मलं की त्याला परक्या बाईच्या ओटीत घालायचं, आईबापांनी मागे वळून न बघता पुढे निघायचं, आणि मग घरच्या दुसऱ्या कुणीतरी मूठभर गहू देऊन त्याला परत आणायचं. म्हणजे मूल आपलं नाही, मागून आणलेलं, मग त्याला दृष्ट लागत नाही. मी या गोष्टी मानत नाही. पण केतकी गप्प राहिली, आणि बायको अशी गप्प राहिली की मी वाद घालत नाही.

आईचे गुडघे प्रवासाचे नाहीत, म्हणून ती घरीच राहिली. निघालो तीन गाड्यांतून: आम्ही तिघं, माझी मोठी बहीण सुनीताताई आणि जीजाजी, आणि महूहून येऊन मिळालेला केतकीचा भाऊ प्रसाद. निघताना पोहे-जलेबी झाली, कारण त्याशिवाय इंदूरचा माणूस गावाबाहेर पडत नाही, आणि मी शेवेचं पाकीट खिशात टाकलं, कारण बाहेरची शेव आम्हाला चालत नाही. बाळाच्या सामानाला मात्र डिकी पुरली नाही. पूर्वी आम्ही दोघं एका पाठपिशवीत चार दिवस काढायचो.

मानपूरजवळ एका मावशीचं चहाचं दुकान आहे. जाता-येता आम्ही तिथे थांबतोच. मावशीला सगळं सांगितलं, ती आनंदाने पदर पसरून बसली. केतकीने गार्गीला तिच्या ओटीत ठेवलं आणि आम्ही दोघं गाडीत बसून निघालो. केतकीने मागे पाहिलं नाही. मीही नाही. घाट उतरून गुजरीला थांबायचं, बाकीचे गार्गीला घेऊन तिथे येणार, असं ठरलं होतं.

त्या घाटाचं वर्णन मी करू शकतो, कारण कित्येक महिन्यांनी मी रस्ता बघत होतो. सागाची झाडं, खाली पसरलेलं निमाड, गरम होत जाणारी हवा. मागे रडणं नाही, खुळखुळा नाही. केतकीला डुलकी लागली होती. मी जुनी गाणी लावली आणि खिडकी उघडली. खरं सांगतो, मला फार बरं वाटत होतं.

गुजरीला चहा सांगितला. ताईची गाडी आली. ताई उतरली, हात मोकळे. म्हटलं प्रसादकडे असेल. मागोमाग प्रसाद आला, एकटाच, आणि ताईच्या गाडीत वाकून बघायला लागला.

"कुठंय आपली हिरोईन?" त्याने विचारलं.

ताईचा चेहरा पांढराफटक पडला. "अरे भिया, तुम्ही आणणार होते ना? जावळाला मांडी मामाची, तो हा मान पण मामाचा. मी कशाला मध्ये घुसू, म्हणून आगे निकलून आले."

प्रसादला वाटत होतं, इंदूरकडे आत्याचा मान मोठा. तो पेट्रोल भरत असताना ताईची गाडी पुढे जाताना दिसली, तो तसाच मागे निघाला. दोघांनीही एकमेकांचा मान राखला होता, आणि माझी मुलगी घाटाच्या वर, मावशीकडेच राहिली होती.

मी चहाचे पैसे देऊ लागलो. केतकी तोवर गाडीत जाऊन बसलीसुद्धा. वर जायचा रस्ता वेगळा, मध्ये दुभाजक, पुढे ट्रकांची रांग. गाडी सुरू होताच गाणी आपोआप लागली, ती बंद करताना मी चार वेळा चुकीचं बटण दाबलं.

दुकान तिथेच होतं. मावशीही तिथेच, आतल्या बाकावर. गार्गी तिच्या मांडीवर पसरून एक स्टीलचा चमचा चोखत होती. रडून लाल झालेली असेल अशा तयारीने मी आलो होतो. ती मजेत होती. हा धक्का पहिल्यापेक्षा लहान नव्हता.

मी हात पुढे केले. मावशीने तिला दिलं नाही. ती चिडली होती, आणि घाबरलीही होती.

"तू कौन है छोरी का?"

"बाप हूँ."

"बाप तो छोड़ के गया था. मुड़ के देखा भी नहीं."

रिवाज तिला ठाऊक होता, तरी ती हे म्हणाली. केतकी शेजारी उभी राहून आता रडायला लागली होती. मावशीने तिच्याकडे बघितलं, जरा निवळली, आणि म्हणाली, रीत आहे तर रीतीने घेऊन जा, दाणे काढ. गहू ताईच्या पर्समध्येच राहिलेले, घाटाखाली. मी खिसे चाचपले. मूठभर शेव काढून तिच्या पदरात टाकली. तिने त्यातली चिमूटभर तोंडात टाकली आणि गार्गीला माझ्या हातात दिलं. गार्गी चमचा सोडेना, म्हणून तोही आमच्याबरोबर आला.

पुढचं महेश्वर थोडक्यात सांगतो. नदीच्या घाटाजवळच्या लॉजमध्ये खोली आधी बोलून ठेवा, सुट्टीत मिळत नाही. संध्याकाळी होडीची फेरी करा, दुपारी पायऱ्या तापतात. जावळ प्रसादच्या मांडीवर झालं, ताई शेजारी हात धरून बसली, दोघं एकमेकांच्या नजरेला नजर देत नव्हते. गार्गीने फक्त एकदा ओठ काढले.

घरी आल्यावर आईला सगळं सांगावंच लागलं. तिने डोक्याला हात लावला, मग बराच विचार करून शेव बेसनाची असते, बेसन हरभऱ्याचं, म्हणजे धान्यच, असा निकाल दिला. नवस फिटला. ताई आणि प्रसाद आता फोनवर पुन्हा बोलतात. या घरात सगळं पुन्हा सुरळीत आहे.

माझं नाही. मुलगी राहिली हे तर भयंकर होतंच, पण ती चूक आम्हा सगळ्यांची होती. त्या घाटातलं ते बरं वाटणं माझं एकट्याचं होतं. केतकीला हे काल सांगितलं. ती म्हणाली, मलाही झोप लागलीच होती ना.

तेव्हापासून गाडीतला आरसा मी मागच्या सीटकडे वळवून ठेवलाय. ट्रकवाले हॉर्न देतात. गार्गी रडत असली की मी निवांत गाडी चालवतो. ती गप्प झाली की मागे वळून बघतो.